मैद्याचा गोळा बुरसला आणि हत्ती आईनेच केला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाथर्डी फाट्याला राहता, मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. ऐन पावसात घरात कोंडलेल्या पोरांसाठी मैदा, पाणी, चिमूटभर मीठ आणि खायचा रंग घालून तुम्ही गोळा मळलात. पहिल्या दिवशी तो हाताला चिकटला, दुसऱ्या दिवशी सैल पडला, चौथ्या दिवशी डबा उघडला तर वर बुरशी. मुलं जेमतेम दहा मिनिटं बसली. धाकट्याने त्यातलं थोडं खाल्लं. हत्ती शेवटी तुम्हीच पुरा केलात, आणि सासूबाई म्हणाल्या की अन्नाशी असा खेळ बरा नाही. तुम्ही विचारलंय, नेमकं प्रमाण कोणतं, की सरळ विकतची क्ले आणावी?

मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं बालवाडी घेतली, आधी पंचवटीत आणि नंतर सिडकोत. प्रमाण सांगते, ते सोपं आहे. पण तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. गोळा बुरसला हा एक, आणि हत्ती तुम्हाला पुरा करावा लागला हा दुसरा. पहिला मिठाने आणि विस्तवाने सुटतो. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे असं मला मनापासून वाटतं, कारण गोळा उत्तम जमला तरी तो सुटत नाही.

आधी गोळा. रात्री उरलेली कणीक सकाळी कशी होते ते तुम्ही रोज बघता. सैल पडते, पाणी सुटल्यासारखी होते, काळपट दिसते. पिठात मुळातच असलेली विकरं, म्हणजे एन्झाइम, ओलावा मिळाला की कामाला लागतात आणि पिठाची ताकद मोडत नेतात. तुमचा मैद्याचा गोळा दुसऱ्या दिवशी सैल पडला तो याचमुळे. बुरशी आली ती मीठ चिमूटभर होतं म्हणून. पोळीला चिमूटभर मीठ चवीसाठी असतं. इथे मीठ टिकण्यासाठी घालायचं, लोणच्यात घालतो तसं. भरपूर मीठ असलं की गोळ्यातलं पाणी बुरशीच्या वाट्याला येत नाही.

म्हणून मी कच्चा गोळा खेळायला देतच नाही, शिजवलेला देते. मोदकाची उकड काढता ना? तेच काम आहे, फक्त तांदळाच्या पिठाऐवजी मैदा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि एका रसाळ लिंबाचा रस. परदेशी कृतींमध्ये ‘क्रीम ऑफ टार्टर’ नावाची पूड असते, ती शोधत मेन रोड पालथा घालू नका. तिचं काम आंबटपणा देण्याचं, ते लिंबू करतं. लिंबं महाग असतील तेव्हा पाव लहान चमचा लिंबूसत्व चालतं. सगळं गार पाण्यातच गुठळ्या मोडून कालवायचं आणि मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवायचं. उकडीसारखं आधी पाणी उकळायचं नाही. मैद्याच्या गुठळ्या होतात आणि त्या मग निघत नाहीत.

आता कढईकडे लक्ष ठेवा. पहिली दोन मिनिटं काही होत नाही, पातळ धिरड्याच्या पिठासारखं दिसतं. मग तळाशी एकदम घट्ट होऊ लागतं, उलथण्याला ओढ लागते. इथे नवीन माणूस घाबरतो आणि गॅस बंद करतो, म्हणून गोळा चिकट राहतो. आणखी दोन-तीन मिनिटं हलवत राहा. कडा सुटायला लागतात, चकाकी जाते आणि सगळं उलथण्याभोवती एका गोळ्यात गोळा होतं. चिमूट घेऊन फुंकर मारून गार करा, दोन बोटांत दाबा. बोटं स्वच्छ निघाली की झालं. ताटात काढून, तेलाचा हात लावून, सोसेल इतकं गरम असताना तुम्ही मळा. कोमट झाल्यावर मुलांच्या हातात द्या. पोरांना त्या कोमट गोळ्याचं इतकं सुख वाटतं, की काही जण नुसतेच गालाला लावून बसतात. बसू द्या.

शिजवल्याने दोन गोष्टी होतात. मैद्यातलं पिठूळ सत्त्व पाणी पिऊन फुगतं आणि ते धरून ठेवतं, त्यामुळे गोळा मऊ राहूनही चिकटत नाही. आणि मघाशी म्हटलं ती विकरं उष्णतेने निकामी होतात, म्हणून तो सैल पडत नाही. मीठ आणि लिंबू मिळून बुरशीला लांब ठेवतात. हिवाळ्यात असा गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात माझ्याकडे महिनाभर टिकलाय. पावसाळ्यात पंधरा दिवस धरून चाला, आणि खेळून झालं की फ्रिजमध्ये ठेवा.

इथे हवामानाचं सांगायला हवं, कारण बाहेरच्या कृती आपल्या पावसाला धरून लिहिलेल्या नसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. जुलै-ऑगस्टात मिठाची बरणी पाझरते ती त्यामुळेच. मिठाच्या गोळ्याचंही तेच होतं. खेळून उघडा राहिला तर वर घामासारखे थेंब येतात. गोळा बिघडला असं समजू नका, चमचाभर कोरडा मैदा लावून मळा. याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, कोरड्या हवेने गोळ्याला तासाभरात पापुद्रा धरतो. तेव्हा ओला हात पुरतो.

कच्च्या पिठाचाही एक उपयोग आहे, पण तो ठेवायच्या वस्तूंसाठी. दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी, तेल नाही. त्याच्या पणत्या, मणी, भातुकलीच्या पोळ्या करून उन्हात खडखडीत वाळवल्या तर दगडासारख्या होतात. हे काम एप्रिल-मे महिन्यातलं. आत्ता करू नका. वाळणार नाही, वाळलं तरी पुन्हा ओलं होईल, आणि मुलीला आपली वस्तू डोळ्यांदेखत विरघळताना दिसेल.

धाकट्याने खाल्लं, त्याविषयी मात्र मी ठामपणे सांगते. तुमच्या गोळ्यात मीठ चिमूटभरच होतं म्हणून निभावलं. मी सांगितलेल्या गोळ्यात लिंबाएवढ्या तुकड्यात जवळजवळ दोन लहान चमचे मीठ असतं. इतकं मीठ तीन वर्षांच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. बहुतेक मुलं जिभेला लागताच थुंकतात, पण बहुतेकांवर विसंबू नये. तो अजून सगळं तोंडात घालत असेल तर त्याच्यासाठी खरोखरीची तांदळाची उकड काढा, मिठाचा फक्त कण घालून. ती खाल्ली तरी चालते, त्याच दिवशी वापरून संपवायची. गव्हाचं वावडं असलेल्या मुलालाही तीच चालते. ताणली जात नाही, लगेच तडकते, पण तीन वर्षांच्या मुलाला ताणायचं नसतंच, त्याला कुटायचं असतं. मिठाचा गोळा मोठीचा, उकड धाकट्याची, आणि तुम्ही दोघांजवळ. मिठाचा मोठा तुकडा पोटात गेला, उलटी झाली किंवा मूल सुस्तावलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही हा गोळा वर ठेवा.

हेही जोडून सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला सुचवेल. चिकट लिबलिबीत स्लाइमसाठी टाकणखार घालायला सांगतात. लहान मुलांच्या हातात मी तो देत नाही. चिकटवायची मैद्याची खळ टिकावी म्हणून जुने लोक, विशेषतः पुस्तकं बांधणारे, तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. मुलांची खळ ताजी करा, दोन दिवसांनी टाकून द्या. स्लाइमची हौस असेल तर दोन भाग कॉर्नफ्लोअरमध्ये एक भाग पाणी कालवा. मुठीत दाबलं की घट्ट होतं, मूठ उघडली की बोटांतून ओघळतं. सहा वर्षांची मुलगी त्यात अर्धा तास रमते. फरशी मात्र नंतर पुसावी लागते, आणि ते पाणी मोरीत ओतू नका, तळाशी बसून मोरी तुंबते.

रंगाला बाजारची बाटली लागत नाही. हळद सर्वांत सोपी. बीटाचा रस घालणार असाल तर गोळा गार झाल्यावर घाला, शिजवला की तो विटकरी होतो. पालकाचा हिरवा लिंबामुळे शेवाळी पडतो, ते चालत असेल तर घाला. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की सुंदर निळं पाणी होतं, पण गोळ्यात लिंबू असल्याने ते जांभळं होणार. मुलीला ते मुद्दाम दाखवा, वाटीतल्या निळ्या पाण्यात तिलाच लिंबू पिळू द्या. पळसाची वाळलेली फुलं मिळाली तर केशरी-पिवळा रंग मिळतो. आपल्याकडे रंगपंचमीच्या रहाडींमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांमध्ये, तोच असतो, त्यामुळे जुन्या नाशकातल्या मुलांना ती फुलं दाखवली की घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

हळदीची एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एकदा वाळवायच्या वस्तूंसाठी कच्चा गोळा मळला होता, हळद घातलेला, लिंबू नव्हतं. चार-साडेचार वर्षांची एक मुलगी हात धुऊन धावत आली, साबण नीट गेला नव्हता. तिने गोळा घट्ट धरला आणि सोडला. पिवळ्या गोळ्यावर चार बोटांचे लालभडक ठसे. ती घाबरून म्हणाली, “बाई, याला लागलं!” हळद साबणाने लाल होते, हे मला लग्नातल्या हळदीचे डाग धुताना ठाऊक झालेलं, पण त्या पोरीच्या तोंडून ते प्रथमच कळल्यासारखं वाटलं. मी लिंबाची फोड दिली आणि म्हटलं, औषध लाव. ठसे पुन्हा पिवळे झाले. त्या दिवशी वर्गात कुणीच वस्तू केली नाही. सगळा वर्ग गोळ्यांना जखमा करत आणि त्या बऱ्या करत होता.

इथून मी तुमच्या हत्तीकडे येते. सुरुवातीची काही वर्षं मीही नमुना करून पुढे ठेवायची. सुबक हत्ती, सोंड, सुळे, शेपटी. म्हणायची, असा करा. मुलं करायची, आणि वीस मुलांचे वीस हत्ती माझ्याच हत्तीचे वाईट भाऊ दिसायचे. मग मी एकेकापाशी बसून सोंड सरळ करून द्यायची. पालक यायचे, खूश व्हायचे. एक मुलगा मात्र गोळ्याला हातच लावायचा नाही. मला वाटायचं, याला आवड नाही. एकदा नमुना करायला वेळ झाला नाही, नुसते गोळे वाटले, तर तो पहिल्यांदा बसला. त्याने गोळ्याची लांब वळी केली. म्हणाला, साप. साप गुंडाळला, चकली झाली. चकली दाबली, शेगडी झाली. शेगडीवर चिमटीएवढं पातेलं ठेवलं, त्यात पाणी आहे म्हणाला, आणि मला म्हणाला, “बाई, हात लावू नका, भाजेल.” पाऊण तास तो उठला नाही. माझा हत्ती त्याच्या वाटेत उभा होता इतके दिवस, हे मला त्या दिवशी समजलं, आणि आधीच्या मुलांसाठी फार वाईट वाटलं.

तुमची मुलं दहा मिनिटांत उठली, कारण त्यांना कळलं की इथे हत्ती व्हायचा आहे आणि तो आईलाच नीट येतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात हत्ती नसतोच. त्याच्या हातात कुटणं, चिमटणं, थापणं, भोकं पाडणं असतं. वळी करणंसुद्धा दोन तळहात उलट-सुलट चालवण्याचं काम आहे, ते त्याला जड जातं. त्याला पोळपाट-लाटणं, करंजीचं कातणं, जुना कंगवा, बाटलीची दोन झाकणं आणि लसूण ठेचायचा छोटा लाकडी बत्ता द्या. त्याच्यासाठी पीठ कालवणं हाच खेळ आहे, तेव्हा वाटीतलं मोजलेलं मीठ त्यालाच ओतू द्या, गॅसपासून दूर. मोठीला चकलीचा सोऱ्या द्या. शेवेची चकती लावून दाबला की केस, गवत, मेंढीची लोकर, काय हवं ते निघतं. सोऱ्याचा दांडा फिरवायला जोर लागतो, आणि पुढे पेन्सिल धरणाऱ्या हाताला तो जोर हवाच असतो.

तुम्ही काय करायचं? जवळ बसायचं, आपलाही एक गोळा घ्यायचा आणि काहीही न होणारं करत राहायचं. नुसतं मळत राहा. “काय करतोयस?” हा प्रश्न पहिली पंधरा मिनिटं विचारू नका. विचारला की मूल बिचारं घाईने काहीतरी नाव देतं आणि मग त्या नावाला बांधलं जातं. मदत मागितली तर हाताला हात लावा, वस्तूला लावू नका. म्हणजे पाय उभा राहत नसेल तर पाय करून देण्याऐवजी म्हणा, “माझा पण पडतोय, जाड करून बघू या.”

तरी एक खरं आहे. सहा वर्षांच्या मुलीला गोळा पुरत नाही. त्या वयाला चालणारी, फिरणारी, आवाज करणारी वस्तू हवी असते. ती घरातल्या वस्तूंतून होते आणि तिथे तिला तुमची थोडी मदत लागेल. अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून देशभरच्या मुलांना किती काय करायला शिकवलं, ते तुम्ही पाहिलं असेल. मी आमच्याकडची दोन सांगते.

पहिली भिंगरी. शर्टाचं नव्हे, कोटाचं किंवा स्वेटरचं मोठं बटण, समोरासमोरच्या दोन भोकांतून हातभर दुहेरी होईल इतका जाड दोरा, टोकाला गाठ. दोन्ही टोकांत बोटं अडकवून बटण मधे धरून पीळ घालायचा आणि ओढायचं-सोडायचं. पीळ उलगडताना बटणाला इतका वेग येतो की ते थांबत नाही, उलट्या बाजूला पुन्हा पीळ घालतं. सगळी गोम सोडण्याच्या क्षणात आहे, आणि ती सांगून कळत नाही. मुलीला वीसदा चुकू द्या. एकविसाव्यांदा बटण गुणगुणायला लागेल. मोठं बटण नसलं तर पुठ्ठ्याचं चकतीएवढं गोल कापा, भोकं मात्र बरोब्बर मध्याच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर थरथरते. दोरा तुटला तर चकती उडते, म्हणून धाकट्याच्या तोंडाशी नेऊ द्यायची नाही. बटणंही त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा.

दुसरी बैलगाडी. नाशिकमध्ये पुठ्ठ्याला तोटा नाही. द्राक्षांच्या दिवसांत फळांच्या गाड्यांवर नालीदार पुठ्ठ्याच्या पेट्यांचा ढीग असतो, आत्ताही कुठल्याही फळवाल्याकडे रिकामं खोकं मागा. त्याचा तळ म्हणजे गाडीची बैठक. चाकांना बाटलीची दोन सारखी झाकणं. आस म्हणून खराट्याचा जाड हीर. सगळ्या घरांत एक चूक होते. आस गाडीला घट्ट चिकटवतात आणि चाक आसेवर सैल ठेवतात, मग चाक लटपटतं आणि पडतं. उलट करा. शहाळ्याबरोबर येते ती नळी गाडीच्या पोटाला आडवी चिकटवा, हीर नळीतून सैल फिरू द्या, आणि झाकणाचं भोक हिराला इतकं घट्ट ठेवा की चाक आणि आस एकत्र फिरतील. झाकणाला भोक तुम्ही पाडा, तापवलेल्या सुईने, मुलीने नव्हे. बाकी सगळं तिचं. गाडी वाकडी चालली तर दुरुस्त करू नका, विचारा की ती डावीकडेच का वळते. माझ्याकडच्या मुलांनी याची उत्तरं स्वतः शोधलेली आहेत. एक झाकण मोठं निघालं, एक नळी तिरपी निघाली.

चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून शिजवला की झाली. येवल्यात संक्रांतीच्या पतंगांसाठी घरोघर हीच शिजते. नळी चिकटवायला मात्र खळ ओली आणि दुबळी पडते, तिथे वरून कागदाची पट्टी लावा आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात दोन रात्री.

गाडीला बैल हवेत, आणि श्रावण अमावास्येला पोळा येतोच आहे. बैल मातीचे करा. नाशिकच्या आसपासची काळी माती वाळताना फार आकसते, शेताला उन्हाळ्यात भेगा पडतात तसंच बैलाच्या पायांना होतं. माती चाळून रात्रभर भिजवा, तिच्यात तिसरा हिस्सा बारीक वाळू आणि मूठभर कागदाचा लगदा मळा. लगद्याचे धागे मातीला धरून ठेवतात. पाय वेगळे करून चिकटवू नका, एकाच गोळ्यातून ओढून काढा. शिंग चिकटवावंच लागतं, तर दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावा. आधाराला आत काडी घालू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय बरोबर काडीपाशीच फुटतो. वाळवायचं सावलीत. गणपतीच्या सुमारास शाडू मिळतो, तो हाताला फार गोड लागतो, पण वाळल्यावर ठिसूळ, धाकट्याच्या हातून पडला की गेला. बागेतली माती घेतलीत तर कुत्र्या-मांजरांची वर्दळ असलेल्या जागेची नको, आणि नंतर हात साबणाने धुवा.

विकतची क्ले आणावी का? आणा, त्यात काही वाईट नाही, घाईच्या दिवशी ती कामाला येते. पण तिच्यात मीठ ओतण्याचा, उकड हलताना बघण्याचा, लिंबाने रंग पालटण्याचा भाग नसतो, आणि तीन वर्षांच्या मुलाचा तर तोच भाग आहे.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या, त्यांना मैदा खेळायला दिलेला बघवत नाही, आणि ते बरोबरच आहे. माझ्या वर्गात काही मुलांच्या डब्यात नुसती पोळी असायची, त्या वर्षी मी पिठाला हात लावला नाही, सगळं मातीत केलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी पाड्यांवर बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा साधनं म्हणून बिया, शंख-शिंपले, पानं, खडे आणि माती घेतली. तिथे हातात जे होतं तेच साधन झालं. तुमच्याकडे मैदा परवडतो की नाही हा प्रश्न नाही, घरातल्या मोठ्या माणसाचं मन दुखतं का, हा आहे. मधला रस्ता असा की ताजा मैदा घेऊ नका. जाळी धरलेला, जुना, नाहीतरी टाकायचा असलेला चाळून घ्या. तो शिजणारच आहे. एका वाटीचा गोळा पंधरा दिवस चालतो, हेही त्यांना दाखवा. तरीही नको म्हणाल्या तर आग्रह धरू नका, माती आहे.

आणि त्यांनाच कामात घ्या. खळ त्यांना तुमच्या-माझ्याहून चांगली येत असेल. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना मेथी वाटून कागदाच्या लगद्यात घालून टोपल्या लिंपायला येतं. त्याच लगद्याचं बाहुलीचं डोकं वाटीवर थापून होतं, पाऊस ओसरल्यावर उन्हात वाळवता येतं. खाली चिंध्यांचं अंग. आमच्या वर्गात एकदा एका मुलीची आजी आली होती, मी बोलावलं म्हणून. तिने चिंध्यांची बाहुली बांधली, सुईशिवाय, नुसत्या गाठींनी. केसांना काय लावायचं म्हणून मी लोकर शोधत होते. आजीने पिशवीतून मक्याचं कणीस काढलं, सोललं आणि कणसाचे केस डोक्याला बांधले. आठवड्याने ते वाळून तांबूस झाले. तिची नात बाहुलीकडे बघून म्हणाली, “हिने पण मेंदी लावली.” सध्या मक्याची कणसं बाजारात आहेत. सासूबाईंना आजच विचारा, त्यांच्या बाहुलीला केस कशाचे असायचे.